कला, मानव्यविद्या आणि आरोग्यातील समता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य कार्यकर्ते, वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी व शिक्षक, नाट्यसंस्था आणि लोककलावंत यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतांशी महाराष्ट्रातील आहेत, कारण या कामाचा आपल्याकडचा इतिहास मोठा असूनही तो आरोग्याचा इतिहास म्हणून फारसा वाचला जात नाही.

आरोग्यातील समता म्हणजे नेमके काय?

आजारपण कोणालाच चुकत नाही. मात्र ते कोणाला लवकर गाठते, कोणाच्या बाबतीत उशिरा कळते, उपचाराआधी कोणाला कर्ज काढावे लागते आणि कोणाला दवाखान्याच्या दारातूनच परत फिरावे लागते, हे बऱ्याच अंशी जात, उत्पन्न, लिंग, अपंगत्व आणि राहण्याचे ठिकाण यांवर ठरते. यांपैकी जे फरक टाळता येण्यासारखे असूनही टाळले जात नाहीत, ते अन्यायकारक मानून दूर करणे म्हणजे आरोग्यातील समतेसाठी काम करणे. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या सामाजिक निर्धारकांवरील (आरोग्य ठरवणाऱ्या सामाजिक कारणांवरील) आयोगाने २००८ च्या अहवालात हीच भूमिका घेतली होती.

सर्वांना सारखेच देऊन ही समता साधत नाही. भामरागडच्या जंगलातून भर पावसाळ्यात नाला ओलांडून येणाऱ्या गरोदर बाईला आणि पुण्यात दवाखान्याच्या शेजारी राहणाऱ्या बाईला तपासणीची एकच तारीख दिली, तर कागदावर दोघींना समान वागणूक मिळालेली असते आणि प्रत्यक्षात पहिलीची तपासणी राहून गेलेली असते.

हा तर रस्ते, पाणी, डॉक्टर आणि निधी यांचा प्रश्न आहे. त्यात कलेचे काय काम?

आक्षेप रास्त आहे. रिकाम्या औषधपेटीपुढे कितीही चांगले नाटक केले, तरी पेटी भरत नाही. परंतु पेटीत कोणते औषध असायला हवे होते हे ठरवताना कोणाचे ऐकले गेले, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यासाठी पूर्वी कधीतरी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्या काळात सरकारी आरोग्य यंत्रणा खेड्यातील बाईकडे मुख्यतः कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट म्हणून पाहत असे. 'अंगावरून जाते', 'कंबर भरून येते' ही वाक्ये सुईणीजवळ, विहिरीवर आणि जात्यावर रोज बोलली जात होती. ती केसपेपरवर मात्र पोहोचत नव्हती. आजार लपलेला नव्हता, तो विचारणारे कोणी नव्हते. ही दरी भरण्याची जी साधने माणसाने पूर्वीपासून घडवली आहेत, त्यांत गाणे, गोष्ट, नाटक, चित्र आणि आत्मकथन ही सर्वांत जुनी आहेत.

आणि मानव्यविद्या? साहित्य किंवा इतिहास वाचून कोणाचे आरोग्य कसे सुधारेल?

वाचल्याने कोणाचा ताप उतरणार नाही. मात्र आरोग्याचा प्रश्न मांडण्याचा अधिकार कोणाला आहे, याची आपली समज त्याने बदलते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १८५५ सालचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. अस्पृश्यतेचा निषेध म्हणून तो आज पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून आठवला जातो. परंतु त्यात बाळंतपणाविषयी जे लिहिले आहे, ते आरोग्यक्षेत्रातील प्रत्येकाने वाचावे असे आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, आणि त्यातच बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणायचा, असे ही मुलगी विचारते.

घर, ऋतू, जात, बाळंतपण आणि खिशातून करावा लागणारा खर्च हे सारे तिने एका परिच्छेदात जोडले आहे. आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांवर आज जे अहवाल लिहिले जातात, त्यांची विषयसूची याहून फार वेगळी नसते. पुढे बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील कोवळ्या वयाच्या बाळंतिणींची उपासमार जशी आली आहे, तशी ती त्या काळच्या कोणत्याही सरकारी नोंदीत सापडणार नाही. अशा लेखनाकडे केवळ 'संवेदनशीलता वाढवणारे साहित्य' म्हणून पाहणे हे त्याचे अवमूल्यन आहे, असे आमचे मत आहे. ते पुरावा म्हणून वाचले पाहिजे.

इतिहासाचा प्रत्यक्ष कामात उपयोग झाल्याचे उदाहरण देता येईल का?

प्लेगचा इतिहास येथे सर्वांत उपयोगी पडतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. १० जानेवारी १८९७ रोजी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस मुंबईतच स्वतःला टोचून घेतली. म्हणजे निदान झाले होते आणि लसही हाताशी येत होती. तरीही लोक यंत्रणेपासून पळत होते, रोगी लपवत होते आणि गाव सोडत होते. त्याचे कारण फेब्रुवारी १८९७ मध्ये आलेल्या साथरोग कायद्याच्या बळावर झालेल्या घरझडत्यांत, सक्तीच्या स्थलांतरात आणि स्त्रियांच्या तपासणीच्या पद्धतीत होते. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर थेट माजघरात शिरत. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ही त्या गोष्टीची सर्वांना माहीत असलेली बाजू आहे. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या, ही दुसरी बाजू आहे. डॉक्टर असलेले त्यांचे पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर चालवलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांना आणत असत.

एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगापुढे दोन प्रकारची आरोग्यसेवा उभी होती. एकीत रोगी हा संशयित होता आणि दुसरीत तो पाहुण्यासारखा होता. १८९७ चा तोच कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. त्या वेळी वस्त्यांमधून सर्वेक्षणाला विरोध झाला, तेव्हा अनेक अधिकाऱ्यांनी त्याचे खापर अज्ञानावर फोडले. प्लेगचा इतिहास वाचलेल्या अधिकाऱ्याने निदान एवढे तरी विचारले असते की, घरातल्या माणसाला नेल्यावर तो कोठे आहे हे घरच्यांना रोज कळवण्याची सोय आपण केली आहे का.

हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, असे म्हटले जाते. ते खरे आहे का?

'मेडिकल ह्युमॅनिटीज' (वैद्यकातील मानव्यविद्या) या नावाचा अभ्यासक्रम बाहेरून आला, हे खरे आहे. काम मात्र आपल्याकडे जुनेच आहे. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) गावात आल्यावर आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. ते कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकत, समोरचे शेकडो लोक एका आवाजात उत्तर देत, आणि उत्तर देता देताच कर्ज काढून केलेले सण, दारू, पशुबळी आणि शिवाशिव यांतले वेडेपण त्यांच्याच तोंडून बाहेर पडे. आरोग्यशिक्षणाच्या आजच्या कोणत्याही प्रशिक्षणात 'सहभागी पद्धत' म्हणून जे शिकवले जाते, ते येथे पूर्ण आहे. शिवाय बोलण्याआधी झाडण्याचा जो भाग आहे, तो प्रशिक्षणातून गळून गेला आहे. राज्य शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले गेले, हे योग्यच झाले.

दुसरी धारा जलशांची आहे. सत्यशोधक जलशांनी आणि त्यानंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात हक्काची भाषा भरली. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तो नागरी हक्काचा लढा होता आणि पिण्याच्या पाण्याचाही होता. ती गोष्ट पुढे वाडी-वस्तीवर गाण्यांतूनच पोहोचली. १९८७ च्या भारत जन विज्ञान जथ्याने कलाजथ्याचा, म्हणजे गावोगाव फिरून गाणी-नाटके करणाऱ्या पथकाचा, घाट रूढ केला, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी 'रिंगणनाट्य' हाती घेतले. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, हे येथे विसरू नये.

जात्यावरच्या ओव्यांचा उल्लेख या संदर्भात नेहमी येतो. त्यांचे महत्त्व काय?

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या आणि आता त्या 'परी' या संकेतस्थळावर गायिकांच्या नाव-गावांसह वाचता-ऐकता येतात. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना, दोन बायका एका खुंट्याला हात घालून जे बोलल्या, ते यात आहे. माहेरची ओढ, भावाचे कौतुक आणि विठ्ठल यांच्या बरोबरीने सासरी आजारपणात झालेली हेळसांड, वांझपणाचा टोमणा, बाळंतपणाचे भय आणि मुलीच्या जन्माने उतरलेली तोंडेही त्यांत आहेत. या ओव्या म्हणजे सर्वेक्षण नव्हे, त्यांवरून टक्केवारी काढता येत नाही. परंतु एखाद्या तालुक्यात माता आरोग्याचे काम सुरू करण्यापूर्वी त्या तालुक्यातल्या ओव्या ऐकून घेतल्या, तर बाया कोणत्या दुःखाविषयी कोणत्या शब्दांत आणि कोणापाशी बोलतात हे कळते. प्रश्नावली त्यानंतर तयार करावी. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि बोलण्याची ती जागाही गेली. तिच्या बदल्यात कोणती जागा उभी राहिली, हे गावोगावी वेगळे आहे आणि ते शोधणे हेही कामच आहे.

आमच्याकडे दरवर्षी पथनाट्ये होतात. तरी फरक पडत नाही. असे का?

बहुतेक पथनाट्यांत एक अडाणी सासू, एक दारुडा नवरा आणि शेवटी येऊन सगळे समजावून सांगणारा डॉक्टर किंवा ताई असते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, कारण त्यांना माहीत नसलेले त्यात काहीच नसते. लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. मधल्या काळात 'गोळ्या घ्या' हा संदेश कमी पडला, असे कोणी म्हणणार नाही.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी रुजवलेल्या आणि पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' या नाट्यसंस्थेने खेड्यापाड्यांत नेलेल्या मंचीय ('फोरम थिएटर') पद्धतीत हाच प्रसंग वेगळ्या रीतीने केला जातो. सहावा महिना लागलेली सून निंदणीला जायला निघते, तिला घेरी येते, सासू ओरडते, नवरा गप्प बसतो, आणि नाटक तेथेच थांबते. सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो की, येथे काय करता आले असते. प्रेक्षकांतली एखादी बाई उठते, सुनेच्या जागी उभी राहते आणि स्वतःच्या रीतीने प्रसंग पुढे नेते. मग दुसरी सासूच्या जागी येते. अर्ध्या तासात कळते की गोळी माहीत आहे, तिने मळमळते आणि शौचाला काळे होते म्हणून ती माळ्यावर ठेवून दिली आहे. ओपीडी सकाळची असते आणि सकाळ मजुरीची असते. आणि सासूलाही तिच्या वेळी कोणी बसू दिले नव्हते. या तीन गोष्टींपैकी एकच समजावणीने सुटणारी आहे. दुसरीसाठी वेळापत्रक बदलावे लागते आणि तिसरीसाठी सासवांशी वेगळे बोलावे लागते.

म्हणून आमची एक अट असते. प्रयोगाला वैद्यकीय अधिकारी किंवा पंचायतीचा निर्णय घेऊ शकणारा माणूस खाली, लोकांमध्ये बसलेला असावा. त्याचा सत्कार, हार आणि भाषण टाळावे. त्याने वही आणावी.

नाटकातून पुढे आलेल्या तक्रारींचे पुढे काय करायचे?

महाराष्ट्रात यासाठी एक तयार चौकट आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. गावाने आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा वा लाल रंग देऊन प्रगतिपत्रक तयार करायचे आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. नाटकात निघालेला मुद्दा त्या पत्रकात चढला तर त्याला तारीख आणि उत्तर देणारा माणूस मिळतो. चढला नाही, तर तो करमणुकीत जमा होतो.

कला आरोग्याला उपकारक ठरते, याला शास्त्रीय पुरावा आहे का?

आहे, पण तो नीट वाचायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा विचार केला आहे आणि आजार टाळणे, मानसिक आरोग्य राखणे तसेच दीर्घ आजारात साथ देणे या बाबतींत कलांचा उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला आहे. यांतील बरेच अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. तेथे गायनवर्गाला जाणारी व्यक्ती आणि मेळघाटात लोकनाट्य पाहणारी व्यक्ती यांच्या परिस्थितीत इतके अंतर आहे की, एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवणे धाडसाचे ठरेल. शिवाय 'कलेने आरोग्य सुधारते' आणि 'कलेने आरोग्यातील विषमता कमी होते' ही दोन वेगळी विधाने आहेत. संगीतोपचाराची सोय केवळ महागड्या रुग्णालयात असेल, तर पहिले विधान खरे ठरूनही विषमता वाढलेलीच असते.

कलंक असलेल्या आजारांच्या बाबतीत कला काय करू शकते?

येथे तिचे काम सर्वांत स्पष्ट दिसते, कारण कलंक हा पाहण्याच्या सवयीतून तयार होतो आणि कला थेट त्या सवयीवरच काम करते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्या आणि अपंग कलाकारांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आहे. त्यांच्या कार्यक्रमाला माणूस आधी तिकीट काढून येतो आणि मग टाळी वाजवतो. म्हणजे दयेचा व्यवहार सुरू होण्याआधीच मोबदल्याचा व्यवहार झालेला असतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. कायद्याला मात्र त्या दृष्टीपर्यंत यायला फार वेळ लागला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून २०१९ साली काढले गेले, तोवर बहुविध औषधोपचाराने हा आजार बरा होऊ लागून अनेक दशके लोटली होती.

कोड असलेल्या तरुणीच्या लग्नाच्या प्रश्नाभोवती फिरणारा 'नितळ' (२००६) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट असाच आहे. कोडाने शरीराला जी इजा होते तिच्यापेक्षा स्थळ पाहायला आलेल्या घराची नजर जास्त इजा करते, हे तो दाखवतो. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्यावरचे नाटक स्वतः उभे केले आणि सुषमा देशपांडे यांनी ते बसवले. एचआयव्हीच्या काळात ज्या बायकांकडे 'रोगाचे वाहक' म्हणून बोट दाखवले गेले, त्याच बायका रंगमंचावरून प्रेक्षकांना प्रश्न विचारत होत्या.

शहरी वस्त्यांत असे काम झाले आहे का?

धारावीत २०१५ साली 'स्नेहा' या संस्थेने कलेचे एक मोठे प्रदर्शन भरवले. त्याची तयारी आधी बराच काळ चालली होती आणि कलाकृती धारावीतल्याच रहिवाशांनी कलावंतांबरोबर कार्यशाळांत बसून केल्या होत्या. कुंभारवाड्यातली माती, शिलाईच्या कारखान्यातले कापड, भंगारातले प्लास्टिक हेच साहित्य होते, आणि विषय होते बाळंतपण, आहार, कचरा, मानसिक ताण, घरातली मारहाण. स्त्रियांनी कापडावर भरतकाम करून धारावीचा नकाशा केला आणि हिंसा कोठे होते त्या जागा त्यावर दाखवल्या. ज्या बाईला पोलीस ठाण्यात एक वाक्य बोलता येत नव्हते, तिच्या हाताला टाका घालता येत होता. हा नकाशा पाहताना आकडेवारी आणि भरतकाम यांतला नेहमीचा उच्च-नीच भाव गळून पडतो.

रुग्णालयाची रचना हाही या विषयाचा भाग आहे का?

नक्कीच, आणि त्यावर जेवढे बोलले जाते त्यापेक्षा पुष्कळ जास्त बोलायला हवे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले की, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही. उत्तरे अशी आली की, इमारत पाहून भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढरे कापड तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. नातेवाइकांना जवळ थांबू देत नाहीत. आणि तेथे देव नाही. त्यावरून शोधग्राम या संस्थेच्या परिसरात दवाखाना गोंड गावासारखा, सुट्या झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना रोग्याजवळ राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. यात कोणतेही महाग यंत्र लागले नाही. इमारत माणसाला काय सांगते, हे वाचण्याची तयारी मात्र लागली.

मुंबईत टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहता येते, हाही रचनेचाच प्रश्न आहे. केमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस फुटपाथवर काढावे लागले, तर औषधाचे सूत्र बरोबर असूनही उपचार अर्ध्यावर सुटतो.

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वारली चित्रे काढून घेणे हा याचाच एक प्रकार मानावा का?

भिंत चांगली दिसते, एवढे नक्की. परंतु पालघरच्या वारली स्त्रियांनी लग्नाच्या चौकासाठी घडवलेली चित्रभाषा 'दोन मुले पुरेत' या घोषणेच्या कडेला नक्षी म्हणून वापरायची, चित्र एखाद्या कंत्राटदाराकडून काढून घ्यायचे आणि ज्या जव्हार-मोखाड्यात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुले दगावली तेथील लोकांना त्यातून काय सांगायचे आहे हे विचारायचेही नाही, याला समतेचे काम म्हणता येणार नाही. चित्रकार त्याच पाड्यावरचे असावेत, विषय त्यांनी ठरवावा, मजुरी ठरलेल्या दराने मिळावी आणि खाली त्यांचे नाव असावे. एवढे झाले तर ती भिंत बोलू लागते. अंगणवाडीत मूल वजनाला आणलेल्या आईला तीत आपली गोष्ट दिसली, तर पुढच्या महिन्यात ती पुन्हा येण्याची शक्यता वाढते.

वैद्यकीय शिक्षणात याला स्थान आहे का?

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी स्वतंत्र भाग आला आणि सुरुवातीचा पायाभूत अभ्यासक्रमही आला. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील गटाने त्याआधीच बोआल यांच्या पद्धतीची कार्यशाळा, कविता आणि अपंग डॉक्टरांचे अनुभव अध्यापनात आणले होते. मुंबईत सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातही या विषयाचे काम झाले आहे. अडचण अशी की, अनेक महाविद्यालयांत हे तास एखाद्या चित्रफितीवर आणि हजेरीवर भागवले जातात. एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल की भाषा हा किरकोळ विषय आहे. त्याने इंटर्नशिपमध्ये पहिल्याच आठवड्यात 'जीव घाबरतो', 'डोकं उठलंय' आणि 'अंगात कणकण आहे' यांचा अर्थ वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या पाच रोग्यांना विचारून लिहून काढावा. त्यानंतर हा प्रश्न सहसा उरत नाही.

लोकांच्या खाजगी दुःखाचे नाटक करणे योग्य आहे का? काय काळजी घ्यावी?

ज्याची गोष्ट आहे त्याची संमती एकदा घेऊन भागत नाही. तालमीनंतर, पहिल्या प्रयोगानंतर आणि चित्रीकरण करायचे असल्यास पुन्हा, अशी ती टप्प्याटप्प्याने घ्यावी, आणि मध्येच 'नको' म्हणण्याची मोकळीक द्यावी. लहान गावात नाव बदलून काहीही लपत नाही. घरातली हिंसा किंवा आत्महत्या यांवरचा प्रयोग झाल्यावर प्रेक्षकांतील कोणाला तरी बोलावेसे वाटणार, हे गृहीत धरून समुपदेशक त्याच दिवशी गावात हजर ठेवावा आणि 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तेथेच सांगावा. अशी व्यवस्था नसेल तर तो विषय त्या गावात घेऊ नये. जखम उघडी करून गाडीत बसून निघून जाणे हा कलेचा गुन्हा आहे.

परिणाम कसा तपासायचा?

प्रेक्षकसंख्या मोजण्यात फारसा अर्थ नाही, जत्रेत प्रेक्षक मिळतातच. दवाखान्याचे नोंदवहीतले आकडे आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावेत आणि ते वस्तीनिहाय पाहावेत. गावातील एकूण नोंदणी वाढली पण दलित वस्तीची किंवा भटक्यांच्या पालांची तेवढीच राहिली, तर समतेच्या दृष्टीने काम फसले आहे. आकड्यांच्या जोडीला एक साधी नोंद ठेवावी: प्रयोगात कोण बोलले, कोणत्या वस्तीतले, आणि त्यांच्या बोलण्यामुळे दवाखान्यात कोणती गोष्ट बदलली. तिसरा रकाना सलग काही महिने कोरा राहिला, तर पुढचे प्रयोग थांबवून आधी यंत्रणेशी बसून बोलावे.

यासाठी पैसा कोठून आणायचा, आणि कलावंतांना किती द्यायचा?

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी असतो. त्यातून मोठा प्रयोग होणार नाही, पण गावातल्याच भजनी मंडळाबरोबर दोन-तीन बैठका नक्की होतात. जिल्हा माहिती कार्यालयाकडे निवडलेल्या लोककलापथकांची सूची आणि त्यांच्या मानधनाचे दर असतात, ते पाहून घ्यावेत. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीची नाटके दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर लागतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. तेथे वेगळा 'जागृतीचा कार्यक्रम' उभा करण्यापेक्षा वडसा-देसाईगंजच्या एखाद्या मंडळीशी हंगामाआधीच, म्हणजे पावसाळ्यात संहिता लिहिली जात असताना बोलावे. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याकडून गाणी-नाटके करून घेण्याची पद्धत सर्रास आहे; त्या आनंदाने करतातही. तरीही त्या दिवसाचा त्यांचा मोबदला कोणत्या कामात धरला जाणार, हे वैद्यकीय अधिकाऱ्याकडून आधी लेखी घ्यावे. पोवाडा गाणाऱ्या शाहिराला मानधन आणि त्याच्या मागे झील धरणाऱ्या आशाताईला फक्त चहा, असे आजही घडते.